अलूफ : वाऱ्याकडे वळलेल्या जहाजाचा शब्द

(दृश्य : खवळलेला समुद्र, शिडाचं जहाज, मागे खडकाळ किनारा)

शिडाच्या जहाजाला खोल पाण्यापेक्षा किनाऱ्याची धास्ती जास्त. वारा समुद्रावरून जमिनीकडे वाहू लागला की जहाज हळूहळू खडकांकडे ढकललं जातं. अशा वेळी सुकाणूवरच्या माणसाला हुकूम मिळायचा : जहाजाचं तोंड वाऱ्याकडे ठेव, म्हणजे ते किनाऱ्यापासून दूर राहील! १६व्या शतकातल्या इंग्रज खलाशांच्या भाषेत, 'अलूफ'.

'लूफ' म्हणजे वाऱ्याकडची बाजू. शब्द बहुधा मूळचा डच. स्किपर, डेक, यॉट हेही इंग्रजीला डच दर्यावर्दींनीच दिले. लूफचा उच्चार आज 'लफ' होतो, आणि शिडाच्या पुढच्या कडेला अजूनही तेच नाव आहे.

(दृश्य : रंगमंच, मशालींचा उजेड)

त्याच शतकात हा शब्द जमिनीवर आला आणि माणसांना चिकटला. शेक्सपिअरकडे त्याची दोन्ही रूपं सापडतात. 'अँटनी अँड क्लिओपात्रा'मध्ये लढाई सोडून निघालेली क्लिओपात्रा वाऱ्याकडे वळते, तिथे क्रियापद 'लूफ'च आहे. आणि तिचा प्रियकर, रोमन सेनानी अँटनी, सगळं टाकून तिच्यामागे जातो. 'किंग लिअर'मध्ये मात्र समुद्राचा संबंध नाही. हुंडा गेला म्हणून बर्गंडीचा सरदार लिअरच्या मुलीशी, कॉर्डेलियाशी, लग्न करायला कचरतो. तेव्हा फ्रान्सचा राजा त्याला सुनावतो, की मूळ गोष्टीपासून 'अलूफ', म्हणजे दूर, असलेले हिशेब प्रेमात मिसळले, तर ते प्रेमच नव्हे. किती नेमकं बोलला तो!

आज अलूफ म्हणजे चारचौघांत न मिसळणारा, थंड, जरासा शिष्ट. आपल्या 'अलिप्त'शी त्याचा आवाज जुळतो, पण नातं काहीच नाही. अलिप्त आला संस्कृत 'लिप्' धातूपासून : ज्याला काही माखलेलं नाही, तो. आपण तो आदराने वापरतो. अलूफमध्ये तक्रार असते.

ती तक्रार मला खटकते. जवळचं माणूस गेल्यावर कितीतरी महिने कुणाकडे न जाणारा, फोन न उचलणारा एखादा असतो. त्यालाही लोक सहज अलूफ म्हणून मोकळे होतात. आजच्या अर्थाने तो त्याच्यावर अन्याय आहे. खलाशांच्या अर्थाने घेतला, तर मात्र शब्द अगदी बरोबर आहे : तो फुटू नये म्हणून धडपडतोय.