पेटीमास्तरांना काय विचारायचं

श्रोतेहो, नमस्कार.

होळी झाली की झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भाच्या धानपट्ट्यातली, नाटकं थांबतात. दिवाळीपासून रात्र-रात्र जागलेल्या पेट्या आणि ढोलक्या घरी येतात, आणि मृगाच्या पेरणीपर्यंत वादकांना जरा उसंत मिळते. वऱ्हाडातल्या भजनी मंडळांचंही तसंच. कापूस वेचून झालेला असतो, तूर घरात आलेली असते. गावातल्या जुन्या गायक-वादकांना त्यांच्या कलेबद्दल बोलतं करून ते रेकॉर्ड करायचं असेल, तर हेच अडीच-तीन महिने. एकदा रोवणी लागली की धानपट्ट्यात जेवायला सवड नसते, बोलायला कुठली? तेव्हा हे काम घरच्या घरी, हातातल्या मोबाइलवर नीट कसं करायचं, ते आज सांगतो.

आधी प्रश्नांचं पाहू, कारण यंत्रापेक्षा तिथंच जास्त बिघडतं. "तुमचं प्रेरणास्थान कोण?" हे विचारूच नका. याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. आईवडिलांचा आशीर्वाद, गुरूची कृपा, मायबाप रसिकांचं प्रेम. ते खोटं नसतं, पण सत्काराच्या शालीसारखं कोणाच्याही खांद्यावर बसतं. त्यापेक्षा पेटी समोर ठेवा आणि विचारा, "मास्तर, तुमची पट्टी कोणती?" म्हणजे पेटीच्या कोणत्या सुराला सा धरून गाता. ते "काळी दोन" म्हणाले की लगेच पुढचा प्रश्न टाका, "पहिल्यापासून काळी दोनच, की उतरली?" इथून माणूस खुलतो. लाउडस्पीकर नव्हता तेव्हा शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायला चढ्या पट्टीत गावं लागे. माइक आला आणि खालच्या पट्टीत गाणं परवडू लागलं. काहींचा गळा वयानं उतरला, काहींचा जागरणानं. पट्टीच्या एका प्रश्नात तीस-चाळीस वर्षांची वाटचाल निघते.

दुसरा प्रश्न चालीचा. "ही चाल कुठून आणली?" यावर बरेच जण आधी ओशाळतात, कारण भजनाची चाल पुष्कळदा सिनेमाच्या गाण्यावरून उचललेली असते. त्यांना ओशाळू देऊ नका. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १९४८ साली सुरू झालं, आणि १९५२ पासून रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागू लागली. गावात रेडिओ असायचा एखाद-दुसरा. तो कोणाकडे होता, अंगणात किती जण जमायचे, हेही विचारून घ्या. गाणं आठवड्यातून एकदा कानावर पडायचं. मुखडा लक्षात राहायचा, अंतरा निसटायचा. मग निसटलेला अंतरा पेटीवर स्वतःच जुळवायचा. ज्याला आपण नक्कल म्हणून सोडून देतो, त्यात निम्मी रचना त्या माणसाची स्वतःची असते. म्हणून नुसतं सांगायला लावू नका, वाजवायला लावा. आधी मूळ गाण्याचा मुखडा, लगेच त्यावरचं भजन. मग विचारा, "अंतऱ्यात ही जागा वेगळी कशी?" उत्तर बोटं देतील. तोंड म्हणेल, "मले नाही सांगता येत जी, पण आयका."

गुरूंबद्दलही असंच. "गुरू कसे होते?" असं विचारलं की फक्त गोडवे मिळतात. "हा केरवा ताल ते कसा धरायचे, अन् तुम्ही कसा धरता?" असं विचारलं की फरक ऐकू येतो. दोन्ही अर्धा-अर्धा मिनिट वाजवून घ्या. आकाशवाणीची ऑडिशन दिली असेल तर कोणती ग्रेड मिळाली, बी की बी-हाय, आणि कोणत्या चुकीवर अडलं, हेही विचारा. अडल्याची गोष्ट माणूस मन लावून सांगतो.

साल विचारून उपयोग नसतो. "झाले असतील चाळीसेक वर्षं" यापलीकडे काही निघत नाही. खुणा द्या. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज गेले ऑक्टोबर १९६८ मध्ये. तेव्हा तुम्ही खंजिरी धरायचे का? गडचिरोली जिल्हा वेगळा झाला १९८२ मध्ये. त्याच्या आधी नाटक कंपनीत होते की नंतर आले? पूर्व विदर्भात गोंदिया जिल्ह्याची, १९९९ ची खूणही चालते. अशा दोन खुणांच्या मध्ये साल आपोआप पकडलं जातं.

आता जागा. उन्हाळ्यात आपल्याकडचा सगळ्यात मोठा शत्रू कूलर. कानाला त्याची सवय होते, माइकला होत नाही. म्हणून सकाळी सहा ते नऊच्या मध्ये बसा आणि कूलर, पंखा दोन्ही बंद ठेवा. टिनाच्या छपराखाली आवाज आदळून परत येतो, आणि नऊनंतर टिन तापून टणटण वाजू लागतं. कापूस साठवलेली खोली आवाजाला झकास, कारण कापूस घुमारा शोषून घेतो. पण तिथं अर्ध्या तासात अंगाला खाज सुटते आणि धाग्यानं खोकला लागतो. गाणाऱ्याला तिथं बसवू नका. साध्या खोलीत भिंतीवर दोन गोधड्या टांगा, खाली सतरंजी अंथरा, तेवढ्यानं भागतं.

बसण्याआधी खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, थुंकून चूळ भरायला सांगा. तोंडात खर्रा असला की 'स' आणि 'श' एकच होतात, आणि ते नंतर कोणत्याही मशीनवर दुरुस्त होत नाही. दुधाचा चहा गाणं झाल्यावर द्या, आधी कोमट पाणी.

मोबाइल एअरप्लेन मोडवर टाका. मध्येच फोन आला तर पुष्कळ मोबाइलमध्ये रेकॉर्डिंग तिथंच थांबतं, आणि हे घरी गेल्यावर कळतं. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोटवर रेकॉर्ड करू नका, तिथं आवाज दाबून लहान केला जातो. रेकॉर्डिंगच्या अ‍ॅपमध्ये वॅव्ह निवडा, ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो. याला मिनिटाला पावणेसहा एमबी लागतात, म्हणजे तासाला साडेतीनशेच्या आसपास. तेवढी जागा आधी मोकळी करून घ्या.

बोलण्यासाठी मोबाइल तोंडापासून एक वीतभर, हनुवटीच्या जरा खाली आणि किंचित बाजूला. अगदी तोंडासमोर धरला तर 'प' आणि 'भ'चा वारा माइकवर आपटतो. बहुतेक मोबाइलचा माइक चार्जिंगच्या भोकाशेजारी असतो, ती बाजू माणसाकडे करा. मोबाइल उघड्या टेबलावर ठेवू नका, पायाचा धक्कासुद्धा आत येतो. खाली घडी घातलेला दुपट्टा ठेवा. मुलाखत घेणाऱ्यानं "हो हो", "बरोबर" म्हणायचं नाही, नुसती मान हलवायची. उत्तर संपलं असं वाटलं की मनात पाच आकडे मोजा. चौथ्या-पाचव्या आकड्याला पुष्कळदा खरी गोष्ट येते.

गाणं-वाजवणं सुरू झालं की मोबाइल उचलून लांब न्या. पेटीवर गाणारा असेल तर चार फूट, आणि भात्याच्या बाजूला मुळीच नको, नाहीतर सुरापेक्षा भात्याची फडफड जास्त येईल. ढोलकीला पाच फूट आणि बरोबर मध्यावर. एका बाजूला ठेवला तर नुसती शाई लावलेल्या तोंडाची टणक थाप येते, दुसरी बाजू हरवते. अ‍ॅपमध्ये आवाज किती जोरात येतो ते दाखवणारी पट्टी दिसत असेल तर जोरातल्या जोरात आवाजालाही ती उणे बारा डेसिबलच्या आसपास राहू द्या. आवाज आपोआप कमीजास्त करणारी सोय असेल तर ती बंद करा. ती पहिल्या थापेला दाबते आणि शांत जागी आजूबाजूची कुजबुज वर आणते.

खंजिरी सगळ्यांत अवघड. चामड्याला दमट हवा लागली की ते सैल पडतं आणि थाप भद्द येते. म्हणून वादक शेकोटीजवळ किंवा चुलीपुढे तिला ऊब देतात. घाई करू नका, फार तापली तर चामडं तडकतं. तिच्या झांजा इतक्या तीक्ष्ण असतात की जवळच्या माइकवर फक्त खणखणाट उरतो. सहा फुटांवर ठेवा, आणि तरीही आवाज फुटत असेल तर आठ. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलनं उतरतो, हे लक्षात ठेवलं की अंदाज चुकत नाही. मंडळात चार खंजिऱ्या असतील तर एकानेच वाजवावी. बाकीचे रुसतील, त्यांना कोरसात घ्या.

चाळीस मिनिटांच्या वर कोणालाही बसवू नका. सुरुवातीलाच त्यांच्या तोंडून नाव, गाव, तारीख आणि "हे रेडिओवर लावायला माझी हरकत नाही" एवढं बोलवून घ्या. शेवटी सगळ्यांनी गप्प बसून अर्धा मिनिट नुसता खोलीचा आवाज रेकॉर्ड करा. मधला खोकला कापला की तिथं जो भोकासारखा सन्नाटा पडतो, तो या अर्ध्या मिनिटानं बुजवता येतो.

नाटकातल्या नटांचं नाव निदान लोकांपर्यंत पोचतं. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा झाडीपट्टीचं नाव महाराष्ट्रभर झालं. रंगमंचापुढे बसून रात्रभर वाजवणाऱ्यांची नोंद मात्र फार थोडी आहे. त्यामुळे कोणाकडे आधी जायचं अशी निवड आली, तर आधी वादकांकडे जा.

फाइलला "रेकॉर्डिंग ००१" असं नाव राहू देऊ नका. गाव, वादकाचं नाव, वाद्य आणि तारीख लिहा. एक प्रत कॉम्प्युटरवर, एक पेनड्राइव्हवर ठेवा. कोणाला पाठवायची झाली तर व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आणि एक प्रत मास्तरांना द्या. त्यांच्या बटणाच्या फोनवर वॅव्ह वाजेलच असं नाही, म्हणून त्यांची प्रत एमपी-थ्री करून मेमरी कार्डात टाका, आणि उठण्याआधी एकदा त्यांच्याच फोनवर लावून पाहा.

नमस्कार.