चंदनाचं तेल: भट्टी, द्रावक की वायू?

नागपूरच्या इतवारीत पूजेच्या सामानाच्या दुकानातून आणलेलं हे चंदनाचं खोड. सहाणेवर उगाळलं की गंध तयार होतं. पण चंदनाचं तेल पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. कपाळावर लागतो तो लाकडाचा बारीक भुगाच. तेल त्यातच अडकलेलं असतं.

ते वेगळं कसं काढायचं?

आधी झाडाचा गाभा हवा; बाहेरच्या पांढुरक्या लाकडाला वास नसतो. गाभा सावकाश दळायचा, कारण चक्की तापली की सुगंध तिथेच उडू लागतो.

अत्तरांसाठी प्रसिद्ध उत्तर प्रदेशातल्या कनौजचे कारागीर ही पूड पाण्यासह तांब्याच्या डेगात, म्हणजे मोठ्या हंड्यात, शिजवतात. वाफ बांबूच्या चोंग्यातून, म्हणजे नळीतून, पाण्यात बुडवलेल्या भपक्यात उतरते; या भांड्यात ती थंड होऊन तेल जमतं. चंदनाचा खरा वास तेलातल्या सँटेलॉल या घटकाचा. त्याचा उत्कलनबिंदू 300 अंशांच्या आसपास. तरी ते 100 अंशांच्या आतच निघतं, कारण पाण्याची आणि तेलाची वाफ मिळून हवेच्या दाबाशी बरोबरी करतात. मात्र वाफेसोबत येतं ते अगदी थोडं. म्हणून भट्टी दोन-तीन दिवस चालते. आधी सँटेलीन नावाचे हलके घटक येतात, सँटेलॉल रेंगाळत मागून. भट्टी लवकर विझवली, तर ज्यासाठी चंदनाला किंमत आहे तेच पुडीत राहून जातं. आंतरराष्ट्रीय मानक चंदनाच्या तेलात अल्फा-सँटेलॉल (सँटेलॉलचा मुख्य प्रकार) 41 ते 55 टक्के मागतं, ते उगाच नाही.

नागपुरात मे महिन्यात आणखी एक अडचण. भपका थंड ठेवायला वापरायचं गच्चीवरच्या टाकीचं पाणीच इतकं तापतं की वाफ नीट थंडच होत नाही. तेल हवेत जातं.

हेक्झेनसारख्या द्रावकाने, म्हणजे तेल विरघळवून घेणाऱ्या द्रवाने, काम झटपट होतं. पण तेलासोबत राळ आणि रंगही उतरतो, आणि हेक्झेन शेवटच्या अंशापर्यंत काढावं लागतं. अंगाला लावायच्या अत्तरासाठी ही पद्धत मला पटत नाही.

लाकडाशी सर्वांत इमानी तेल देतो तो कार्बन डायऑक्साइड. 31 अंश तापमान आणि हवेच्या सुमारे 73 पट दाब ओलांडला की तो वायूसारखा लाकडात शिरतो आणि द्रवासारखं तेल विरघळवतो. दाब सोडला की उडून जातो, मागे काहीच ठेवत नाही. 31 अंश तर आपल्याकडे उन्हाळ्यात सावलीतही असतात! महाग आहे ते दाब पेलणारं यंत्र.

म्हणून विदर्भातल्या छोट्या उद्योजकाला मी वाफेचीच भट्टी सुचवेन. फक्त दर काही तासांचं तेल वेगळ्या बाटलीत घ्या आणि हुंगून पाहा. दाट, दुधाळ वास येत असेल, तोवर आच चालू ठेवा.