मान त्यांची आहे

माईक मागपर्यंत येतोय ना? बरं. पत्रिकेवर विषय छापलाय 'लेन्सचं डिस्टॉर्शन आणि लेटन्सी', त्याच्याकडे मी येणारच आहे, शप्पथ, पण आधी टेबलावरची ही काळी पेटी उघडू, मगासपासून निम्म्यांची नजर तिच्यावरच आहे. हे ऑक्युलस रिफ्टचं, म्हणजे डोळ्यांवर चढवायच्या आणि डोकं वळेल तसं आतलं जग दाखवणाऱ्या व्हीआर हेडसेटचं, पहिलं डेव्हलपमेंट किट, आपलं डीके-१. ऑगस्ट २०१२ मध्ये पामर लकीच्या कंपनीने किकस्टार्टरवर, म्हणजे लोकांकडून आगाऊ पैसे गोळा करायच्या साइटवर, २,५०,००० डॉलर मागितले आणि लोकांनी २४ लाखांच्या वर ओतले. ३०० डॉलर भरणाऱ्यांना मार्च २०१३ पासून किट पोचायला लागलं. गिऱ्हाइकासाठी नव्हतंच ते, कोड लिहिणाऱ्यांसाठी होतं, म्हणजे काही चाललं नाही तर शिव्या घालायला दुसरं कुणी नाही. दोघंच हसले. म्हणजे दोघांनीच वापरलंय.

१२८०×८०० चा एकच एलसीडी पॅनल, दोन डोळ्यांत वाटून घ्यायचा, पुढे भिंगं, त्यामुळे पिक्सेलमधल्या काळ्या रेघा दिसतात आणि जग खिडकीच्या जाळीतून बघितल्यासारखं वाटतं. सगळे त्याच्यावरच बोलतात. माझं म्हणणं वेगळं आहे आणि ते मी भेटेल त्याला ऐकवत असतो: या डब्याने आमच्याकडून कॅमेरा, म्हणजे दृश्य कुठून आणि कुठल्या दिशेला दाखवायचं तो हक्क, काढून घेतला आणि फार बरं झालं.

साध्या स्क्रीनवर कॅमेरा म्हणजे आपल्या बापाची जहागीर. हवा तिथे न्या, वळवा, हलवा, बघणारा बसून बघतो. मी त्याच तोऱ्यात पहिला डेमो केला. लांबलचक बोळ, चालत जायचं, शेवटी दार. चालणं खरं वाटावं म्हणून दर पावलाला कॅमेरा वर-खाली, आणि दार उघडलं की तो आपोआप डावीकडे वळून आतली खोली दाखवणार. रात्रभर जागून केलं होतं, मॉनिटरवर काय दिसत होतं म्हणून सांगू! सकाळी शेजारच्या टेबलवरच्या मित्राच्या डोक्यावर चढवला. आधी "अरे वा", पाचेक पावलांनी गप्प, मग मानेवर घाम, आणि ते दार उघडलं मात्र, गड्याने दोन्ही हातांनी हेडसेट उपटला आणि टेबलाची कड घट्ट धरून बसला. मी काय म्हणावं? "होईल सवय." दुपारपर्यंत त्याने टेबलावरनं डोकं उचललं नाही, आणि उचललं तेव्हा एवढंच विचारलं, "माझी मान तू का वळवलीस?"

मी तोवर कोडमध्ये बग शोधत बसलो होतो! डोळे सांगतायत वळलास, कानातलं तोल सांभाळणारं यंत्र सांगतंय जागेवरच आहेस, आणि दोघांच्या भांडणाचा निकाल लागतो पोटात.

गंमत म्हणजे डीके-१ला माणसाचं बाकी काही कळतच नाही. आत वळण मोजणारा जायरो, वेगातला बदल मोजणारा अ‍ॅक्सेलरोमीटर, होकायंत्रासारखा मॅग्नेटोमीटर, सेकंदाला १००० वेळा डोकं कुठे वळलंय ते सांगणार, पण डोकं आहे कुठे हे विचारू नका. म्हणून एसडीकेत, म्हणजे किटबरोबरच्या तयार कोडमध्ये, मानेचं एक मॉडेल टाकलेलं, डोळे मानेच्या टोकाला धरून फिरतात असं समजायचं, बास, तेवढंच शरीर. टेबलावरची वस्तू वाकून बघायला गेलात तर टेबलही तेवढंच पुढे सरकणार, अख्खी खोली तुमच्या नाकाला बांधलेली. हे सुटलं २०१४ च्या डीके-२ मध्ये, समोर डोक्यावर नजर ठेवणारा खराखुरा कॅमेरा ठेवायला लागले तेव्हा. शिवाय डीके-१च्या जायरोचं मोजमाप हळूहळू वाहवत जातं. वर-खालचं गुरुत्वाकर्षणावरून सावरता येतं, डावं-उजवं मॅग्नेटोमीटरच्या भरवशावर, आणि त्याचं कॅलिब्रेशन गंडलं की 'समोर' सरकत राहतं. आमच्याकडे एक पाहुणे दहा मिनिटं अगदी रंगून बघत होते, काढला तेव्हा तोंड भिंतीकडे आणि केबल पोटाभोवती.

आणि हो, विंडोजला हा म्हणजे दुसरा मॉनिटर वाटायचा! एररची खिडकी उघडायची ती थेट हेडसेटच्या आत, अर्धी या डोळ्यात अर्धी त्या, आणि मी घड्याळजीसारखं एक भिंग डोळ्याला लावून माउसने ओके शोधतोय...

चिठ्ठी आली. सात मिनिटं. ही मगाचची? आत्ता तीन? पळतो.

डिस्टॉर्शन. भिंग चित्राचे कोपरे बाहेर ओढतं, उशीसारखं, म्हणून आपण शेडरमध्ये, म्हणजे ग्राफिक्स कार्डवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅममध्ये, आधीच पिंपासारखं फुगवून काढायचं, दोन चुका एकमेकींना खातात. रंग सारखे वाकत नाहीत, तेव्हा लाल, हिरवा, निळा वेगवेगळा वाकवायचा. मधला भाग ताणला जातो, म्हणून रेंडर टार्गेट, म्हणजे वाकवण्याआधी काढलेलं मूळ चित्र, पॅनलपेक्षा मोठं घ्या, नाहीतर पुसट दिसेल. लेटन्सी. डोकं वळल्यापासून उजेड डोळ्यात पडेपर्यंत २० मिलिसेकंदांत उरकायचं, ६० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांना, एक फ्रेमच १६.७ खाते, उरलं काय? म्हणून डोकं पुढच्या क्षणी कुठे असेल त्याचा अंदाज बांधून चित्र काढायचं. मान वळवताना एलसीडीचा फराटा दिसतो तो यानेही जात नाही, त्याला डीके-२चा ओलेड पडदा, ७५ हर्ट्झ, आणि प्रत्येक फ्रेम क्षणभरच पेटवायची. सूत्रं स्लाइड १४ ते ३१, फोटो काढून घ्या.

ज्यांना बघायचाय त्यांनी रांगेत या. लांबचं दिसत नसेल तर चष्मा काढून बी किंवा सी कप, म्हणजे हेडसेटमध्ये बसवायची वेगळी भिंगं, लावून देतो. बसूनच बघायचं. टस्कनीचा डेमो लावलाय, बागेत खुशाल फिरा, घरातला जिना चढू नका. गरगरलं तर आधी डोळे मिटा, मग काढा. आणि बाकीच्यांनी "अरे, इकडे बघ ना" म्हणून त्याचं डोकं धरून वळवायचं नाही.