विंचवाचं बिऱ्हाड, ऑस्ट्रेलियाच्या पाठीवर

नमस्कार मंडळी. कोण भाजी निवडत असेल, कोण सिग्नलला अडकलं असेल, चालू द्या तुमचं, मी आपला बोलत राहतो. आज तुम्हाला न्यायचंय ऑस्ट्रेलियात, पण सिडनी, ऑपेरा हाऊस, ते कांगारूला चारा घालतानाचे फोटो, त्यातलं काही नाही. आपण जातोय एकदम वरच्या टोकाला, डार्विनला, आणि तिथनं आत, लाल मातीत.

आम्ही चौघं होतो. मी आणि आमची ही, आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र आणि वहिनी. मित्र वीसेक वर्षं झाली तिकडंच असतो. गेली पाच वर्षं दर दिवाळीला फोनवर एकच टुमणं, ये रे, कॅरॅव्हॅन घेतलीय, ये रे. आणि शेवटी आम्ही गेलो तेव्हा त्याने पहिलं वाक्य काय टाकावं? "वरच्या बंकवर तू झोपायचं हं." बावन्न वर्षांच्या माणसाला! बारा रात्री मी त्या फळीवर चढलो आणि रोज एकदा तरी छताला डोकं आपटलं.

कॅरॅव्हॅन म्हणजे काय, तर चाकांवरची वन आरके. गॅसची शेगडी, बेसिन, फ्रीज, पलंग, एक इवलासा संडास, आणि हे सगळं एका मोठ्या गाडीच्या मागं लोखंडी गोळ्यावर अडकवून ओढायचं. सामान भरायचंही शास्त्र आहे बरं का, जड वस्तू चाकांच्या वर किंवा जरा पुढं ठेवायच्या, मागं टाकल्या की रस्त्यात शेपूट हलायला लागतं आणि मग पुढच्या गाडीचंही खरं नसतं. हिने डाळ-तांदळाचे डबे कौतुकाने मागच्या कपाटात लावले होते, मित्राने ते सगळे न बोलता उचलून मध्ये आणले. सहलीतला पहिला अबोला तिथंच झाला.

आता आम्ही जुलैतच का गेलो, तर तिथं लोकांच्या बोलण्यात ऋतू दोनच, वेट आणि ड्राय. नोव्हेंबर ते एप्रिल पाऊस असा की डार्विनला वर्षाला १७०० मिलिमीटरच्या आसपास पडतो, आणि मे ते ऑक्टोबर फारसा पाऊस नाही. तिथले मूळ रहिवासी या दोन ऋतूंना हसत असणार, कारण तिथल्या काकडू भागातल्या बिनिंज लोकांचे ऋतू सहा, वारं कुठून येतं, गवत कधी आडवं पडतं, कुठलं फूल उमलतं, सगळ्याचा हिशोब त्यात. मी लातूरचा आहे हो. दुष्काळ मला शिकवावा लागत नाही, २०१६ साली आमच्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलं होतं. पण सहा महिने कोरडं आणि सहा महिने पूर हे एकाच जमिनीवर ठरल्यासारखं दरवर्षी होतं, ते बघताना मजा वाटली. रस्त्याच्या कडेला मीटरचे आकडे लिहिलेले खांब उभे असतात, पाणी किती चढलंय ते बघायला. खांबाखाली भेगाळलेली माती, चिटपाखरू नाही, आणि खांबावर आकडा २. म्हणजे माझ्या डोक्याच्याही वर!

पहिला मुक्काम लिचफील्डला, डार्विनहून दीड-दोन तासांवर. धबधबे आहेत, सुंदर आहेत, ते सोडा. मला सांगायचंय वारुळांबद्दल. एका मोकळ्या माळावर शेकडो वारुळं उभी, पण आपल्यासारखी गोल डेऱ्याची नाहीत, चपटी, पाटीसारखी, आणि झाडून सगळी एकाच दिशेने, कडा उत्तर-दक्षिण. सकाळचं आणि संध्याकाळचं कोवळं ऊन रुंद बाजूला लागतं, भर दुपारचा सूर्य फक्त पातळ कडेवर येतो, म्हणजे आतलं घर तापत नाही. वाळवीने केलेलं हे बांधकाम बघा, आणि आपले बिल्डर पश्चिमेला काचा लावतात. लांबनं ते सगळं कब्रस्तानासारखं दिसतं. आमच्या हिने वारूळ दिसताच सवयीने हात जोडले, नागपंचमी जवळ आली होती ना. शेजारी उभी असलेली एक गोरी बाई बघून गोंधळली, पण मग तिनेही जोडले.

तिथनं खाली स्टुअर्ट हायवे. सरळ म्हणजे किती सरळ, तासभर स्टिअरिंग हललं नाही. वेगाची मर्यादा १३० पर्यंत आहे, आम्ही मागं बिऱ्हाड घेऊन ९० वर. आणि मग आरशात दिसते रोड ट्रेन. एका ट्रकमागं तीन-तीन डबे, लांबी ५३.५ मीटरपर्यंत. ती शेजारून गेली की आधी हवा ढकलते आणि मग ओढून घेते, कॅरॅव्हॅन अशी डुलते की पोटात गोळाच येतो. पण गाडीत वायरलेस असतो, ट्रकवाल्यांचा चॅनल ४०, कॅरॅव्हॅनवाल्यांचा १८. मित्र म्हणायचा "जा बाबा पुढं, रस्ता मोकळा आहे", अर्थात इंग्रजीत, आणि पलीकडनं खर्जातलं "थँक्स मेट" यायचं. एकदा मी हौसेने बटण दाबून "धन्यवाद" म्हणालो. बराच वेळ शांतता!

कडेला गवत धुमसत होतं, मला वाटलं वणवा लागला. तसं नव्हतं. कोरड्या ऋतूच्या सुरुवातीला मुद्दाम थोडंथोडं जाळतात, म्हणजे पुढं सप्टेंबर-ऑक्टोबरला मोठी आग भडकत नाही, हजारो वर्षांची आदिवासी रीत आहे ती. धुराच्या वर घारीच घारी, आगीतनं पळणारे टोळ आणि सरडे टिपायला. त्या घारी जळती काडी उचलून पुढं नेऊन टाकतात, आग पसरवतात, असं तिथले लोक पिढ्यानपिढ्या सांगत आलेत.

कॅथरीनजवळ निटमिलुकची घळ आहे, तेरा घळी एकापुढे एक. जमीन तिथल्या आदिवासी जावोयन लोकांची, १९८९ साली कायद्याने त्यांना परत मिळाली. पाणी इतकं स्वच्छ, इतकं गार, आणि मी कपडे काढणार एवढ्यात मित्राने दंड धरला. तिकडं पाणी दिसलं की आधी पाटी वाचायची. मगरी दोन जातीच्या, गोड्या पाण्यातली लांब तोंडाची, ती सहसा वाटेला जात नाही, आणि दुसरी खाऱ्या पाण्यातली, जी नाव खारं असलं तरी नदीतनं आत शेकडो किलोमीटर येते आणि माणूस खाते. १९७१ साली तिची शिकार बंद झाली तेव्हा सगळ्या नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे डार्विन ज्यात येतं त्या प्रांतात, तीनेक हजार उरल्या होत्या, आता लाखाच्या घरात आहेत. पुराच्या पाण्याबरोबर त्या कुठंही घुसतात, म्हणून पाऊस संपला की रेंजर मंडळी एकेक डोह तपासतात, पिंजरे लावतात, आणि खात्री झाली की मगच पोहायला उघडतात. मी त्या दिवशी पाय भिजवले. गुडघ्यापर्यंत. तेवढं पुरे.

मातारंकाला मात्र मनसोक्त डुंबलो. झऱ्याचं पाणी ३४ अंश, बारा महिने तेच. वज्रेश्वरीच्या कुंडात चटका बसतो तसं नाही, अंगाला पाणी लागतंय हेच कळत नाही. वर माडांसारखी उंच झाडं, आणि त्यांना लटकलेली हजारो वटवाघळं, तो वास मात्र सोबत येतो.

आणि हो, जुलैत आंब्याला मोहोर! कॅथरीनजवळ बागाच्या बागा, खिडकी खाली केली आणि डोळे मिटले तर मी फेब्रुवारीतल्या देवगडला. हिच्या डोळ्यांत पाणी आलं, धूळ गेली म्हणाली.

आता टायरची गोष्ट. कॅथरीनहून पश्चिमेला व्हिक्टोरिया हायवे लागतो, टिंबर क्रीकच्या अलीकडं कॅरॅव्हॅनचं डावं टायर फुटलं. फोनला रेंज नाही, सावली नाही, आणि आमचा जॅक कॅरॅव्हॅनला पुरेना, बुटका पडला. चौघं एकमेकांकडं बघतोय. वीसेक मिनिटांनी एक म्हातारं जोडपं आलं, त्यांच्याही मागं कॅरॅव्हॅन. ऑस्ट्रेलियात रिटायर झालेली माणसं घर भाड्याने देतात आणि वर्षवर्ष अशी फिरतात, त्यांना ग्रे नोमॅड म्हणतात. आजोबांनी काही विचारलंच नाही. लाकडाचा ठोकळा काढला, जॅकखाली सरकवला, गुडघ्यावर बसले आणि माझ्याकडं हात केला, पाना दे. सत्तरीच्या पुढचा माणूस, पण नट सैल करताना आधी चाक जमिनीवर असतानाच पाव फेरा फिरवायचा हे मला दाखवून मग गाडी उचलली. आम्ही त्यांना भाजणीच्या चकल्या दिल्या. आजींनी एक मोडली, वास घेतला, आणि डबाच मांडीवर ठेवला.

टिंबर क्रीकला नदीकाठी एक झाड आहे, बोअॅब, पोट सुटलेलं. आपल्या गोरखचिंचेचं चुलत भावंड. त्याच्या खोडावर ग्रेगरी नावाच्या संशोधकाच्या तुकडीने तारीख कोरली, २ जुलै १८५६. आपल्याकडं १८५७ चं बंड व्हायचं होतं अजून. झाड जिवंत आहे, अक्षरं वाचता येतात.

त्या रात्री मित्राने बाँब टाकला. उद्या वेस्टर्न ऑस्ट्रेलियाची हद्द, तिथं चेकपोस्ट आहे, फळं, भाज्या, मध काही नेऊ देत नाहीत, कीड आणि रोग येऊ नये म्हणून. फ्रीज उघडला तर फ्लॉवर, मटार, गाजरं, ढोबळी मिरची, आठ टोमॅटो. दोघी एकमेकींकडं बघून एकदमच म्हणाल्या, पावभाजी! कूकरच्या पाच शिट्ट्या त्या माळावर घुमल्या, आजूबाजूच्या तंबूंतली माणसं घाबरून बाहेर आली, मग खुर्च्या घेऊनच आली. चकलीवाले आजी-आजोबाही त्यात. स्लाइस ब्रेड बटरमध्ये तव्यावर भाजला. सगळं संपलं, फक्त वहिनींच्या परसातली कढीपत्त्याची डहाळी राहिली. ती दुसऱ्या दिवशी चेकपोस्टवरच्या मुलीने दोन बोटांत धरून पिशवीत टाकली. वहिनी गाडीत बसल्यावर दहा किलोमीटर बोलल्या नाहीत. त्यात हद्द ओलांडली की घड्याळ दीड तास मागं, म्हणजे पलीकडच्या कुनुनुरा गावात सव्वापाचलाच सूर्य मावळला आणि भूक मात्र जुन्याच वेळेला लागली.

कॅरॅव्हॅन रिव्हर्स करणं हा स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. डावीकडं न्यायची तर चाक उजवीकडं. युक्ती एवढीच, स्टिअरिंग तळाशी धरायचं, हात जाईल तिकडं मागचं घर जातं. पण मागं उभी राहून बायको ओरडत असते "डावीकडं", तिच्या की माझ्या? हा प्रश्न बावीस वर्षांच्या संसारात आधी कधी इतका तातडीचा झाला नव्हता.

शेवटचा मुक्काम लेक अर्गाइल. ऑर्ड नदीवरचं धरण, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. भिंत बघितली तर वाटतं हीच का, लांबी साडेतीनशे मीटरसुद्धा नाही, दोन डोंगरांच्या फटीत बसवलेली. पण मागचं पाणी! मी पाटीवरचा आकडा वाचून मोबाईलवर टीएमसी केले, दोनदा केले. ३८०. आपली कोयना १०५. साडेतीन कोयना, आणि जवळचं कुनुनुरा गाव पाचेक हजारांचं. त्या पाण्यावर तिथं चक्क आपलं चंदन लावलंय, रांगाच्या रांगा.

आणि त्या पाण्याखाली मिरिवूंग लोकांचा मुलूख गेलाय, त्यांची पवित्र ठिकाणं गेलीयत. ड्युरॅक नावाच्या गोऱ्या जमीनदार घराण्याचं दगडी घर मात्र एकेक दगड उतरवून वर आणून पुन्हा बांधलं, आज ते म्युझियम आहे. मी त्या घराच्या ओसरीत उभा होतो, गार होती, छान होती. पण मला सारखी आमच्याकडची ती धरणातली गावं आठवत होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा कळस दिसतो ती.

कॅरॅव्हॅनमधल्या टाकीचं पाणी पुरवायचं म्हणून बारा दिवस आम्ही एकेक तांब्यात अंघोळ केली. वहिनी चकित, आम्ही लातूरकर आरामात. शेवटच्या रात्री कॅम्पच्या बाथरूममध्ये गेलो, धो-धो शॉवर, गरम पाणी, कुणी विचारणारं नाही. पाच मिनिटांनी पलीकडनं मित्राचा आवाज, "अरे, पाणी गेलं काय तुझं? बंद का झालं?" नव्हतं गेलं. ३८० टीएमसी उशाशी होतं आणि मी नळ बंद करून साबण लावत होतो.

चला, वेळ झाली. नमस्कार.