नव्याण्णव लाख गेमची कॅसेट

पत्रिकेवर विषय छापलाय, 'नवे गेम जुन्या रूपात का येतात?' उत्तर माझ्याकडं आहे, ते शेवटी देतो. त्याआधी आपल्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका दुकानदाराविषयी माझी तक्रार आहे. ती ऐकून घ्यायला एवढी माणसं एका जागी आजवर कधी सापडली नव्हती.

चाळिशीच्या पुढचे किती जण आहेत? हात वर करा. बरं, पुष्कळ आहेत. म्हणजे 'टीव्ही गेम' काय असायचा ते समजावायला नको. जपानच्या निन्टेंडो कंपनीच्या मशिनची ती नक्कल होती, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पिवळी कॅसेट खुपसायची, नाही चालली की काढून फुंकर मारायची, परत खुपसायची. आणि घरातलं कुणीतरी हमखास म्हणायचं, 'पिक्चर ट्यूब जाईल!' आमची काही गेली नाही. तुमची?

तर दिवाळीत आत्यानं ओवाळणीच्या बदल्यात पैसे दिले. (उलटा व्यवहार, पण आत्या तशीच.) त्यातून मी कॅसेट घेतली. वर लिहिलेलं, 9999999 इन 1. माझा चुलतभाऊ गणितात पक्का. त्यानं हिशेब मांडला, रोज दहा गेम खेळले तरी 2,700 वर्षं पुरतील. आईला ही बचत सांगितली, तर तिनं दहावीला किती महिने उरलेत तो हिशेब विचारला.

आम्ही वही घातली. नंबर टाकून एकेक गेमचं नाव लिहायचं. सतराव्या नंबरला कॉन्ट्रा परत आला, पण थेट दुसऱ्या लेव्हलपासून. पुढं मारिओ, पुन्हा तोच मारिओ, फक्त नाव वेगळं. खरे गेम निघाले सोळा. वही घेऊन दुकानात गेलो. दुकानदारानं चष्मा लावला, पहिल्यापासून शेवटपर्यंत वही वाचली आणि म्हणाला, "अक्षर झ्याक हाय की! पण मोजाय कुणी सांगितलं तुला? खेळाय दिलीया." मागं पाटी होतीच, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

हा राग मी बरीच वर्षं जपला. मग एकदा वाचनात आलं की 1985चा अख्खा 'सुपर मारिओ ब्रदर्स' अवघ्या 40 केबीत बसवलेला आहे. तुमच्या ग्रुपवर सकाळी येणारा सुप्रभातचा एक फोटो बहुधा त्याहून जड असतो. जागा नाही, म्हणून त्यातला ढग आणि झुडूप एकच चित्र आहे. पांढरं केलं की ढग, हिरवं केलं की झुडूप! म्हणजे एकच माल दोनदा दाखवायची विद्या थेट जपानातून आलेली. आमचा दुकानदार त्या घराण्यातलाच निघाला.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? अहो, मी अजून विषयावर यायचोय. बरं.

आपलं केशवराव भोसले नाट्यगृह 2024च्या ऑगस्टमध्ये जळालं, तेव्हा सगळं गाव एकच म्हणत होतं, होतं तसं उभं करा. तसं म्हणजे कसं? शाहू महाराजांच्या काळातला उकाडा नि खुर्च्याही परत हव्यात काय? नको की. आपल्याला आठवतं तसं हवं. नवे 'जुने' गेम नेमकं हेच करतात.

'शॉव्हेल नाइट' घ्या, 2014चा. दिसायला निन्टेंडोचा सख्खा भाऊ. जुन्या मशिनला एका आडव्या रेघेत आठाहून जास्त हलती चित्रं काढता येत नसत, म्हणून गर्दी झाली की माणसं लुकलुकायची. इथं लुकलुकणं काढून टाकलं. पडदा रुंद केला. तीन जीव संपले की पहिल्यापासून, हा छळही गेला. मेलात तर थोडं सोनं सांडतं, जाऊन उचला. पण चुकीच्या उडीची शिक्षा ठेवली. 2018च्या 'सेलेस्ट'मध्ये तर कड्यावरून पाय सुटल्यावरही निमिषभर उडी मारता येते. ते आपल्याला कळत नाही, आपण स्वतःलाच शाबासकी देतो. लहानपणी आपण एवढे चपळ नव्हतो, पण आठवणीत असतो.

आणखी एक गोष्ट पळत सांगतो. आज आपण ज्या टोकदार चौकोनांना 'जुनं' म्हणतो, तसे ते तेव्हा दिसतच नव्हते. ट्यूबच्या टीव्हीवर ठिपके एकमेकांत मिसळायचे आणि चित्रकार ते धरूनच रंग लावायचे. सपाट पडद्यावर कडा उघड्या पडल्या. म्हणून आता कित्येक गेममध्ये मुद्दाम ट्यूबच्या रेघा घालायची सोय देतात. जी ट्यूब जाईल म्हणून ओरडा खाल्ला, तीच आता सेटिंगमध्ये मिळते.

राहिलं खर्चाचं. 2016चा 'स्टारड्यू व्हॅली' एरिक बॅरोन या एकट्या माणसानं चारेक वर्षं खपून केला. चित्रं, संगीत, गोष्ट सगळं त्याचं. ठिपक्यांचं चित्र एका माणसाच्या आवाक्यात राहतं, हे कारण सगळ्यात मोठं. यावरच खरं तर अर्धा तास बोलायचं होतं, ते त्या कॅसेटनं खाल्लं.

दुसरी चिठ्ठी. थांबतो. मागच्या टेबलावर लॅपटॉप आणि दोन कंट्रोलर ठेवलेत. पोरांना आधी बसू द्या. आणि मघाशी हात वर केलेल्यांनो, फुंकर मारायची नाही, तिथं चार्जिंगचं भोक आहे.