‘कॅन ला!’ : आपल्या मुलांच्या तोंडची सिंगलिश

नमस्कार मंडळी.

मध्यंतरी मुलीला फोनवर विचारलं, ‘‘सहापर्यंत पोचशील ना?’’ ती म्हणाली, ‘‘कॅन ला, आई!’’ शेजारी बसलेल्या पाहुण्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. ‘‘सिंगापुरात शिकतेय आणि इंग्रजी हे असं?’’ तेव्हा मी गप्प बसले, त्याचं आजही वाईट वाटतं. ते उत्तर आज देते.

ही सिंगलिश, म्हणजे सिंगापूरची बोलीतली इंग्रजी. तिच्यातला तो एक ‘कॅन’ बघा. ‘कॅन ऑर नॉट?’ म्हणजे जमेल का? ‘कॅन.’ जमेल. आता शेपूट बदला. ‘कॅन ला’ म्हणजे जमेल की, काळजी कसली! ‘कॅन लोर’ म्हणजे जमवू, आता इलाज काय. ‘कॅन मे?’ म्हणजे जमेल होय? मला नाही वाटत. आपले ‘की’, ‘ना’, ‘च’, ‘बरं का’ हेच काम करतात. ‘ये’ आणि ‘ये ना’ यांत किती अंतर आहे, ते रुसलेल्या माणसाला विचारावं. लंडनची इंग्रजी यातलं बरंचसं आवाजाच्या चढउतारावर निभावते. सिंगलिशने त्यासाठी शब्द ठेवले, आणि ते चुकीच्या जागी पडले तर इथलं पोर लगेच हसतं. नियम असल्याशिवाय चूक कळेल कशी?

‘मे’ आला कँटनीज या चिनी बोलीतून. ‘ला’वर मलय आणि हॉकियन ही दुसरी चिनी बोली, दोघीही हक्क सांगतात. ‘आय ईट ऑलरेडी’मधला ‘ऑलरेडी’ हॉकियनमधल्या ‘लियाउ’चं काम करतो: क्रिया पुरी झाली. आपण ‘जेवून झालं’ म्हणतो, तसंच.

१८१९ साली ईस्ट इंडिया कंपनीने इथे ठाणं वसवल्यावर चिनी, तमिळ, मलय माणसं एका बाजारात आली. तो बाजार मोडक्या मलयवर आणि हॉकियनवर चालायचा. इंग्रजी आली ती शाळेतून, आणि शिकवणाऱ्यांत युरेशियन (युरोपीय-आशियाई मिश्र वंशाचे), भारतीय, सिलोनी शिक्षक बरेच होते. वर्गातली इंग्रजी मुलांनी मैदानावर आपापल्या घरच्या बोलीत घोळवली. आपल्याकडचे शब्दही त्यात मुरले. कुठल्याही कंपनीच्या रबरी शिक्क्याला इथे ‘चॉप’ म्हणतात. मलयमार्गे आलेला तो आपला ‘छाप’च. आणि इथल्या धोबी घाट स्टेशनवर गाडी बदलताना क्षणभर आठवा, की तिथल्या ओढ्यावर खरोखरच भारतीय धोबी कपडे धूत असत.

सरकारला सिंगलिशची धास्ती वाटली. १९९९ साली देशाचे पहिले पंतप्रधान ली क्वान यू यांनी तिला अडथळा म्हटलं, २००० साली चांगल्या इंग्रजीसाठी मोहीम सुरू झाली. व्यापारावर जगणाऱ्या छोट्या देशाची ती भीती मला कळते. जगाला समजणारी इंग्रजी आपल्या मुलांना आलीच पाहिजे. पण ‘ला’ पुसून ती येते, हे मला पटत नाही. माझी मुलगी वर्गात निबंध वाचते तेव्हा त्यात एकही ‘ला’ नसतो, आणि हॉकर सेंटरमधल्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या बाजारातल्या, अंकलकडे कोपी (कॉफी) मागताना एकही वाक्य निबंधासारखं नसतं. आपणही ऑफिसात एक मराठी बोलतो आणि आजोळी दुसरी.

२०१० साली इथल्या सुमारे ३२ टक्के रहिवाशांची घरात सर्वाधिक वापरायची भाषा इंग्रजी होती. २०२० साली ४८ टक्के. म्हणजे अनेक घरांत इंग्रजी हीच आता मायबोली आहे. मायबोलीला ‘बिघडलेली’ म्हटलं की काय वाटतं, हे प्रमाण मराठीवरून टोमणे खाल्लेल्या मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी माणसांना वेगळं सांगायला नको.

पुढच्या रविवारी आपल्या मराठी शाळेत मी मुलांना फळ्यावर ‘कॅन’ लिहून देणार आहे. ‘ला’, ‘लोर’, ‘मे’ आणि ‘ले’ लावून त्यांनी चारही मराठीत सांगायचे. ‘ले’मध्ये हळुवार विरोध असतो, समोरच्याला न दुखवता ‘अहो, पण जमतं की’ म्हणणारा. आईबाबांनीही मागच्या बाकांवर बसावं.