ठेकेदाराकडे लायसन्सच नव्हतं! मग पैसे परत मिळतात का?

नमस्कार मंडळी. "ठेकेदाराकडे लायसन्स नव्हतं, हे काम बिघडल्यावर कळलं. आता दिलेले सगळे पैसे परत मागता येतील का?" वडोदऱ्यातून हा प्रश्न सारखा येतो. कारेलीबाग, मांजलपूर, दांडिया बाजार, सगळीकडून. आणि बऱ्याचदा सोबत कुणीतरी सांगितलेलं असतं की लायसन्स नसेल तर पै न् पै परत मिळते.

असा कायदा खरंच आहे, पण तो कॅलिफोर्नियातला आहे. आपल्याकडच्या बऱ्याच घरांतली मुलं अमेरिकेत आहेत, त्यामुळे तिथली गोष्ट इथे पोचते आणि इथलीच समजली जाते. तिथे ठेकेदारांसाठी राज्याचं स्वतंत्र लायसन्स बोर्ड आहे. 2025 पासून 1,000 डॉलरच्या वरच्या कामाला लायसन्स लागतं, आधी ही मर्यादा 500 होती. त्यांच्या कायद्याच्या कलम 7031 प्रमाणे विनालायसन्स ठेकेदाराला कामाचे पैसे कोर्टात मागता येत नाहीत, आणि घरमालक दिलेली रक्कम परत मागू शकतो. काम चांगलं झालं होतं, या सबबीवर ठेकेदार सहसा सुटत नाही. कायदा कडक आहे आणि मला तो आवडतो.

आपल्याकडे मात्र खाजगी घर बांधणाऱ्या किंवा दुरुस्त करणाऱ्या साध्या ठेकेदाराला असं सरसकट लायसन्स लागतच नाही. तो दाखवतो तो जीएसटी नंबर कराचा असतो. गुमास्ता दुकानाचा असतो. 'सरकारमान्य अमुक क्लास' हे रजिस्ट्रेशन सरकारी टेंडर भरण्यासाठी असतं. रेरा नंबर बिल्डरच्या प्रोजेक्टचा असतो, तुमच्या बाथरूमचं वॉटरप्रूफिंग करणाऱ्याचा नसतो. यातला एकही कागद 'याला काम येतं' असं सांगत नाही.

पण काही कामं अशी आहेत जिथे परवाना लागतोच. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं विजेचं. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यापलीकडचं वायरिंगचं काम राज्य सरकारचं लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिकल कॉन्ट्रॅक्टरनेच करायचं, तेही प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली आणि परमिट असलेल्या माणसाच्या हातून. 1956च्या वीज नियमांत हे नियम 45 मध्ये होतं, आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांत आजही आहे. गुजरातेत हे काम मुख्य विद्युत निरीक्षकांच्या अखत्यारीत येतं. लिफ्टसाठी राज्याचा 2000 सालचा वेगळा कायदा आहे. आणि रजाचिठ्ठी (बांधकाम परवानगी) घेऊन घर बांधत असाल, तर नकाशावर सही करणारा इंजिनियर आणि स्ट्रक्चरल इंजिनियर नोंदणीकृत असावा लागतो.

आता जी गोष्ट मला सगळ्यात जास्त खुपते ती सांगतो. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं. पाणी ओसरल्यावर प्रत्येकाला वायरमन हवा होता, आणि तोही लगेच. अशा घाईत हमखास होणारा प्रकार म्हणजे काम करणारा एक आणि टेस्ट रिपोर्टवर सही दुसऱ्याची. सही करणाऱ्याकडे लायसन्स असतं, पण तो तुमच्या घरात पाऊलही ठेवत नाही. कागद बिनचूक, आणि आतमध्ये अर्थिंगचा पत्ता नाही. गीझर चालू केला की नळाला झिणझिण्या येतात आणि तुम्ही तेवढ्यापुरता गीझर बंद करून टाकता. मंडळी, यात माणूस जातो. हा निव्वळ पैशांचा प्रश्न नाही.

अशा वेळी तक्रार फक्त वायरमनवर करू नका. सही करणाऱ्यालाही सामनेवाला, म्हणजे तक्रारीतला विरुद्ध पक्ष करा. मी ते काम तपासलं, असं त्याने लिहून दिलंय, आणि ती जबाबदारी त्याचीच आहे. त्याच्या लायसन्सबद्दल विद्युत निरीक्षकांच्या ऑफिसात वेगळी लेखी तक्रारही द्या. दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालू शकतात.

आता भरपाई. आपल्याकडे ती 'लायसन्स नाही' एवढ्यावर मिळत नाही. काम सदोष होतं आणि त्यामुळे तुमचं अमुक इतकं नुकसान झालं, हे दाखवावं लागतं. लायसन्स नसणं हा त्या बाजूचा जोरदार पुरावा ठरतो, विशेषतः कायद्याने ते लागत असेल तिथे. रस्ता ग्राहक कायद्याचा. घरबांधणी ही सेवा आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्येच लखनौ विकास प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलंय, आणि 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तर 'घरबांधणी' हा शब्दच सेवेच्या व्याख्येत आहे.

इथे एक खाच आहे. तुम्ही सामान आणून दिलं, कडियाला (गवंड्याला) रोजंदारीवर ठेवलं, आणि विटा कशा लावायच्या हेही तुम्हीच उभं राहून सांगितलं, तर तो तुमचा नोकर होता असा बचाव होतो. नोकरीच्या नात्यातलं काम या कायद्यात 'सेवा' धरलं जात नाही. ठेका दिलेला असेल, मग तो लेबर रेटने असो वा मटेरियलसकट, तर तुमची बाजू भक्कम होते. म्हणून ठरलेलं काम, दर आणि मुदत एका पानावर लिहून दोघांनी सही करा. लिहायचं राहून गेलं असेल तर काम चालू असताना व्हॉट्सॲपवर तरी सगळं टाका, आणि पैसे यूपीआयने किंवा चेकने द्या. तो फोन जपून ठेवा. चॅट पुरावा म्हणून देताना 2023च्या नव्या साक्ष कायद्याच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ चॅटच उडालं असेल तर अडचण होते.

मात्र लोक हरतात ते बहुतेक इथे: स्लॅब गळायला लागली की दुसरा मिस्त्री बोलावून फोडतात, नीट करून घेतात, आणि मग तक्रार करतात. तोपर्यंत दोष दाखवायला काहीच उरलेलं नसतं. हात लावण्याआधी तारखेसह फोटो आणि व्हिडिओ काढा. नोंदणीकृत सिव्हिल किंवा स्ट्रक्चरल इंजिनियरकडून लेखी अहवाल घ्या, त्यात दोष, त्याचं कारण आणि दुरुस्तीचा खर्च तिन्ही हवं. वायरिंग असेल तर दुसऱ्या लायसन्सवाल्या कॉन्ट्रॅक्टरकडून मेगर टेस्ट (वायरच्या इन्सुलेशनची तपासणी) आणि अर्थिंगचं माप घेऊन सहीशिक्क्याचा कागद घ्या. मग ठेकेदाराला स्पीड पोस्टाने नोटीस पाठवा आणि दुरुस्त करून द्यायला मुदत द्या. धोका असेल तर थांबू नका, मेन स्विच बंद ठेवा, अहवाल लगेच करून घ्या आणि काम सुरू करा.

तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात. तुम्ही ठेकेदाराला दिलेली रक्कम 50 लाखांपर्यंत असेल तर तिथेच. मोजतात ती दिलेली रक्कम, मागितलेली भरपाई नाही. 5 लाखांपर्यंत दिले असतील तर फी शून्य. वकील लागतोच असं नाही, ऑनलाइनही दाखल करता येते. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 नंबरवर फोन करून बघा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. मुदत दोन वर्षांची. "पावसाळ्यानंतर करून देतो बेन, काळजी करू नका" हे ऐकत वेळ घालवू नका, कारण तोंडी आश्वासनाने मुदत आपोआप वाढत नाही.

मागायचं काय? दुरुस्तीचा खर्च, न झालेल्या कामाचे दिलेले पैसे, भिजलेलं फर्निचर, दुसरीकडे राहावं लागलं असेल तर ते भाडं, मानसिक त्रास आणि तक्रारीचा खर्च. ज्याचं बिल आहे ते मिळण्याची शक्यता जास्त. मानसिक त्रासाच्या रकमेवर फार आशा ठेवू नका.

ठेकेदार दाहोदला किंवा राजस्थानात गावी निघून गेला तर? 2019च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्याच्या गावी जायची गरज नाही. नोटीस मिळाल्यावर त्याला उत्तर द्यायला 30 दिवस आणि वर जास्तीत जास्त 15, त्यापलीकडे नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये पक्कं केलंय. आदेश झाल्यावरही त्याने पैसे दिले नाहीत, तर त्याच आयोगात अंमलबजावणीचा अर्ज करा. कलम 72 खाली आदेश न मानणाऱ्याला एक महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा कमीत कमी 25,000 रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. तुमच्या अर्जात त्याचा आत्ताचा पत्ता आणि ज्या खात्यात तुम्ही पैसे टाकलेत तो खातेक्रमांक जरूर लिहा.